कलकत्ता ते ढाका, व्हाया विटा

विट्याच्या स्टँडसमोर माझं तिकिटांचं दुकान,
सहा बाय नऊ. गिऱ्हाइकाची खुर्ची एकच.
तिच्यावर आकाराम देवकर बसले,
टोपी काढून गुडघ्यावर ठेवली
आणि म्हणाले, तिकीट नगं.
नुसतं अंतर सांग.

कुठून कुठं?

कलकत्त्यातनं ढाक्याला.

गलाईचा माणूस बोटांवरून कळतो.
तेजाबानं पिवळी पडलेली नखं, अंगठ्याला रेषाच नाहीत;
रेशनच्या मशीनला दर महिन्याला
हा माणूस नव्यानं पटवून द्यावा लागतो.
चाळीस वर्षं परमुलखात
सोनारांच्या दुकानातली केरमाती विकत घेतली,
तिच्यातून कणाकणानं घर बांधलं माहुलीत.
आता थोरला पोपट बऊबाजारात,
धाकटा शहाजी तांतीबाजारात.
एकाच मुशीवर शिकलेले दोघं.
आमच्या तालुक्यात
कुणाचं पोरगं कुठल्या शहरात काय वितळवतंय
हे सगळ्यांना ठाऊक असतं.
हेही ठाऊक, की अकरा वर्षं ते बोलत नाहीत.
कशावरून, ते मात्र दर उंबऱ्यात वेगळं:
एका घरात साडेचार तोळे,
दुसऱ्या घरात वहिनीचा एक शब्द.

स्क्रीनवर आलं: दोनशे चाळीस किलोमीटर.

म्हंजे हितनं पुण्याच्या जरा म्होरं.

हो.

आन् इमानाला?

पंचावन्न मिनिटं.

ते खिडकीबाहेर बघत राहिले. कराड गाडी लागत होती,
कंडक्टर डबल बेल मारून पुन्हा खाली उतरला होता.
वाटंत थांबत न्हाई?
नाही.
चहालाबी न्हाई?
नाही, काका.
तेवढ्या वेळात, म्हणाले, आमची एसटी
मला घरला सोडती. फाट्यावर कुणाची शेळी चढवायची नसंल तर.

मग मला राहवलं नाही, मी म्हणालो,
ढाक्याचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढं.
इथून दहाला निघालेला
तिथं उतरतो तेव्हा सव्वाअकरा वाजून गेलेले असतात.
तिथून दहाला निघालेला मात्र
इकडं दहा पंचवीसला बाहेर.

त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं,
गुंजा मोजाव्यात तसं, ओठ न हलवता.
पुन्हा एकदा मोजलं.

म्हंजे थोरल्याला जायाला दीड तास,
आन् धाकट्याला यायाला पंचवीस मिन्टं?

घड्याळात, मी म्हणालो. हवेत दोघांना सारखंच.

आन् मी अकरा वरसं थोरल्यालाच म्हनतोय,
तू जा, तू मोटा हाइस.

पंखा फिरत होता. मी काहीतरी टाइप केल्यासारखं केलं.

दोन कागदांवर लिव्हून दे, म्हणाले.
मी लिहिलं. एकावर जाण्याचं, एकावर येण्याचं,
खाली दुकानाचा शिक्का मारला, का कोण जाणे.
त्यांनी दोन्ही कागद दोन तळव्यांवर ठेवले,
जरा खालीवर केले.
सवय.

खोट न्हाई नव्हं ह्यात?

वारा उलटा असला तर
पाच-सात मिनिटं इकडंतिकडं होतात.

तेवढी घट चालती, ते म्हणाले,
वितळवायचं म्हनलं की तेवढी घट धरावीच लागती.
आणि टोपी घालून उठले.
पैसे विचारले, मी नको म्हणालो,
तरी काउंटरवर दहाची नोट ठेवून गेले,
वर पेपरवेट.

व्हिसाचं मी काही बोललो नाही.
फोटो, पासपोर्ट, बँकेचा उतारा, रांग,
हे सगळं पंचावन्न मिनिटांत बसत नाही.

माहुलीची गाडी त्या दिवशी पावणेदोन तास उशिरा आली.
ते स्टँडवर बसून होते, कागद खिशात.
मला दुकानातून दिसत होते.
शटर ओढण्याआधी मी सहज ढाका ते कलकत्ता टाकून पाहिलं.
गुरुवारी नऊ जागा शिल्लक होत्या.
शुक्रवारी सात.